एका गाण्याच्या दोन तबकड्या

बाबा,

तुमचा हात आधी उठायचा आणि शब्द मागून यायचे. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, ते मी केव्हाच मागे टाकलं. तरी अजून कुणी माझ्याजवळ एकदम हात वर केला, अगदी फळीवरचा डबा काढायला केला, तरी माझी मान आपोआप खाली जाते. आणि त्याच हातांनी तुम्ही तबकडी धरायचात. दोन तळव्यांच्या मधे, नुसत्या कडेनं, जणू ती ओली आहे आणि बोट लागलं तर रंग उतरेल. मला लहानपणी वाटायचं, आपण माणूस नसून रेकॉर्ड असतो तर बरं झालं असतं.

अमरावतीच्या त्या भाड्याच्या घरात पुढची खोली ग्रामोफोनची होती. तुम्ही तरुणपणी अकोल्याला कापूस दाबण्याच्या कंपनीत कारकून होतात. तिथला साहेब विलायतेला परत जाताना ग्रामोफोन आणि दोन खोकी भरून तबकड्या तुम्हाला देऊन गेला. पुढे तुम्ही मास्तर झालात, इंग्रजी शिकवू लागलात. शाळेत तुमच्या छडीचे वळ घेऊन मुलं घरी जायची, आणि घरी तुम्ही डोळे मिटून तिकडच्या नाटकातली गाणी ऐकायचात. आमच्या गल्लीला त्या गाण्यांचं काहीच कळत नव्हतं. समोरची काकू आईला विचारायची, "तुमच्या घरी ते बाई कावून एवढी वरडून रायते?" आई हसून म्हणायची, "रेकाट हाय ते." रेकॉर्ड सुरू असताना तुम्ही आईला मारलंत, तर तिचं ओरडणंसुद्धा गल्लीच्या लेखी रेकॉर्डच असायचं. म्हणून कधी कुणी दाराशी आलं नाही. आईनंही मग आवाज करणं सोडून दिलं.

मारायला कारण मोठं लागायचं नाही. एकदा तिनं खोकी पुसताना ओलं फडकं वापरलं. तुम्ही उठलात, तिच्या डाव्या कानावर एकच मारली आणि परत खुर्चीत येऊन बसलात. चालू तबकडीची बाजूसुद्धा संपली नव्हती. आई चुलीपाशी जाऊन बसली, कानातून रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत आली होती. त्या कानानं तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. तुम्हाला हे ठाऊक होतं का, हे मला आजतागायत माहीत नाही. तिनं सांगितलं नव्हतं, मीही नाही.

पण रविवारी तुम्ही वेगळेच असायचात, कारण रविवारी चाचा यायचे. अकोल्याला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. साहेबाच्या बंगल्यातली घड्याळं तेच बघायचे, तिथेच तुमची ओळख झाली आणि तिथेच दोघांना या गाण्यांचं वेड लागलं. अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे येणाऱ्या पहिल्या बसनं ते यायचे, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेल्या दोन-चार तबकड्या, मांडीवर धरून आणलेल्या. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता. तुम्ही तबकडी लावायच्या आधी त्यांना गोष्ट सांगायचात, वाक्य न् वाक्य मराठीत करून, आणि ते मान डोलवायचे. पण गाणं सुरू झालं की त्यांचा कान तुमच्यापेक्षा तिखट. "मास्तरसायब, इथं तिनं दम घेतला. ऐकलं का? आंदी घ्याले पायजे होता, मंग ते वरचा सूर असा फाटला नसता." तुम्ही म्हणायचात, नाही, तो सूर फाटलेलाच हवा, शब्दाचा अर्थ तसा आहे. ते म्हणायचे, अर्थ तुमच्यापाशी ठेवा, मले फक्त गळा समजते. सुई नवी लावून तीच बाजू पुन्हा, मग पुन्हा. तेवढ्या वेळात मी तुम्हाला खळखळून हसताना पाहिलंय. चाचा परतीच्या बसला निघाले की घर आखडायला लागायचं.

मी पंधरा वर्षांची असतानाचा तो रविवार. एका नाटकातलं गाणं तुमचं सगळ्यात आवडतं होतं. नवऱ्याला बायकोचा संशय येतो, तो सुरा घेऊन तिच्या खोलीत येतो, आणि ती मरायच्या आधी गाते. साहेबाच्या तबकडीवर ते इंग्रजीतून होतं. ती बाई हुंदके देत, आळवत गायची आणि दर वेळी तुमचे डोळे भरून यायचे. त्या दिवशी चाचांनी तेच गाणं दुसऱ्या बाईचं आणलं, नागपूरच्या जुन्या बाजारातून, कुठल्या भाषेत ते तुम्हालाही सांगता येईना. या बाईचा आवाज जवळजवळ नव्हताच. ती एका पट्टीत, कोरडं गात होती, आणि शेवटी कडव्याच्या अर्ध्यातच थांबत होती. तुम्ही चिडलात. "ही मरणार आहे की बाजाराची यादी वाचते आहे?" चाचा म्हणाले, "माह्या तर अंगावर काटा आला, मास्तर." सकाळभर दोन्ही तबकड्या आळीपाळीनं वाजल्या. तुम्ही म्हणत होतात, ज्या बाईला जीव प्यारा आहे ती रडणारच, गयावया करणारच. चाचा म्हणत होते, नाही. दोघंही हट्टाला पेटलात, पण मजेत.

आई चहा घेऊन आली तेव्हा चाचा तिला म्हणाले, "भाभी, तुमी सांगा. दोन्ही बाया एकच गाणं गाऊन रायल्या. नवरा माराले आला हाय. कोणती खरी?"

तुम्ही हसलात. "तिला काय कळतंय त्यातलं."

आईनं ट्रे खाली ठेवला. मला वाटलं नेहमीसारखी आत जाईल. पण ती म्हणाली, "दुसरी खरी हाय. मार पडून रायला तवा बाई एवढ्या मोठ्यानं नाई रडत. ते पयले दम धरते. आवाज केला का आजून पडते, हे तिले मालूम असते."

ती काही तुमची तक्रार करत नव्हती. चुलीवरच्या भातात पाणी किती घालायचं हे सांगावं तशी बोलली. पण चाचांच्या हातातला कप बशीवर वाजला. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी मान खाली घातली तेव्हा त्यांना सगळं कळलं. शेवटी त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्हाला त्यांचं ते पाहणंच सहन झालं नाही, असं मला वाटतं.

तुम्ही ग्रामोफोनला चावी द्यायचं लोखंडी हँडल उपसून घेतलंत. आईच्या डोक्यावर नेम होता. चाचा मधे आले, त्यांनी उजवा हात वर धरला. हँडल त्यांच्या बोटांवर बसलं. तो आवाज मी अजून ऐकते, वाळलेली तुरीची काडी मोडावी तसा. ते खाली बसले तरी तुम्ही थांबला नाहीत. दुसरा फटका त्यांच्या मनगटावर. तिसरा त्या नव्या तबकडीवर, तिचे तुकडे खोलीभर उडाले आणि एक माझ्या पायात घुसला. कुणीच ओरडलं नाही. मग तुम्ही हातातलं हँडल नवीनच काहीतरी असल्यासारखं पाहिलंत, आणि खुर्चीत बसलात.

दवाखान्यात चाचांना मी आणि आईनं रिक्षातून नेलं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा चाचाच म्हणाले, "पेटीचं झाकण पडलं." डॉक्टरला ते पटलं नाही. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "खरं का गं?" मी म्हटलं, हो, झाकण पडलं, मी पाहिलं. बाहेर आल्यावर मी रडायला लागले तर चाचा म्हणाले, "पोलीस आले तर तुह्या बापाची नोकरी जाईन, बेटी. दिवसभर घरी बसन तो. मंग मार कोणाले पडन?"

त्यांची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. घड्याळाच्या पोटातलं बारीक काम त्यांना जमेना. भिंतीवरची मोठी घड्याळं तेवढी ते उघडायचे, बाकीची परत पाठवायचे.

सहा महिने तुम्ही त्यांचं नावही काढलं नाही. मग एका रविवारी मला म्हणालात, चल, अकोल्याला जायचंय. मला का नेलंत? मुलीसमोर माणूस हात उचलणार नाही, असं वाटलं होतं का? साहेबाची ती इंग्रजी तबकडी तुम्ही पिशवीत घेतली होती, त्यांना द्यायला.

चाचा दुकानात एकटेच होते. तुम्ही पायरीवर उभे राहिलात. मग म्हणालात, "माझं चुकलं." मी तुमच्या तोंडून हे दोन शब्द आधी ऐकले नव्हते. चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. म्हणाले, "आत या. दार लावा." मग म्हणाले, "चष्मा काढा, मास्तर. उजवा तर कामातून गेला. डाव्यानं बसन तशी बसन." तुम्ही चष्मा काढून माझ्या हातात दिलात. त्यांनी तुम्हाला तीन थपडा मारल्या. पहिली ओझरती लागली. दुसरीनं तुमचा ओठ फुटला. तिसरी कानावर बसली, आणि तुम्ही काउंटर धरलात. भिंतीवरची सगळी घड्याळं चालू होती आणि तुम्ही अंग चोरून, श्वास धरून उभे होतात. तुम्ही काही आवाज केला नाहीत.

"बस," चाचा म्हणाले. "आता चहा पिऊ." आणि मला म्हणाले, "भाभीले सांगू नको, बेटी. नवरा हाय तिचा. मानानं घरी जाऊ दे त्याले."

त्या दिवशी तुम्ही दोघं तास-दीड तास बोललात, आधी अडखळत, मग साहेबाच्या तबकडीवरच्या एका आलापावरून जुन्यासारखं वाद घालत. नंतर वर्षभर तुम्ही महिन्यातून एकदा अकोल्याला जात राहिलात. ते आपल्या घरी मात्र पुन्हा आले नाहीत. लोकांना मी सांगते की त्या दिवसापासून बाबांचा हात थांबला. तसं नव्हतं. चार महिने थांबला होता, मग आईला पुन्हा मारलंत, पाणी गरम नव्हतं म्हणून. पुन्हा एकदा, कशावरून ते आठवत नाही. आणि मग ती दुपार. तुम्ही हात उचललात आणि आई जागची हलली नाही. ती म्हणाली, "मारा. पण मंग अकोल्याले जाऊन या. चष्मा काढून."

तुमचा हात वरच राहिला. मग खाली आला आणि त्यानंतर खरंच कधी उठला नाही. आई पुढे वीस वर्षं त्या घरात सरळ पाठीनं वावरली.

तुम्ही मला मागच्या अंगणात बोलावलंत. "तू बोललीस का तिला?" मी तुमच्या डोळ्यांत बघून नाही म्हटलं. दवाखान्यात मी किती सफाईनं खोटं बोलले होते हे तुम्हाला कळलं नव्हतं, नाहीतर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. तुमचा चेहरा हळूहळू बदलला. म्हणजे त्यानं सांगितलं, असं तुम्ही पुटपुटलात. अकोल्याला जाणं त्या दिवशी बंद झालं. चाचांची कार्डं आली, डाव्या हातानं लिहिलेली, वाकडी अक्षरं. रागावले का मास्तर, नवीन काही ऐकलं का. तुम्ही ती न वाचता फाडलीत. चौथं मी पोस्टमनकडून घेतलं आणि वाचून चुलीत घातलं. चाचा वारल्याचं तुम्हाला मूर्तिजापूरच्या स्टेशनवर कुणीतरी सांगितलं, आणि घरी येऊन तुम्ही म्हणालात, "एकच मित्र केला, तोही चुगलखोर निघाला." मी समोरच बसले होते, डाळ निवडत. मी डाळ निवडत राहिले. मला भीती वाटत होती की खरं कळलं तर तुमचा हात पुन्हा उठेल, आणि या वेळी माझ्यावर.

ते चुगलखोर नव्हते, बाबा. अकोल्याहून परत आलो त्याच संध्याकाळी आईला मी सांगितलं होतं. तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं, आणि मी दुसऱ्यांदा सांगताना तीनच्या पाच थपडा केल्या.