पाटीच्या खालच्या बाजूला

मी, मास्तरांची बायको, आता विधवा, वय एकोणऐंशी, शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत, राहणार कारखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत, गल्लीत मला खरवडबाई म्हणतात, हे माझ्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, फक्त त्यांचं अक्षर कुणाला लागत नाही. मला कुणी धाक दाखवलेला नाही. लाडीगोडीही कुणी लावलेली नाही; लावली असती तर जरा करमणूक तरी झाली असती. याआधी मी दोनदा मृत्युपत्र केलं, दोन्ही वेळा रागाच्या भरात. ती दोन्ही रद्द समजावीत. हे तिसरं मी किळस आली म्हणून करते आहे. राग माझा दुपारच्या चहापर्यंत उतरतो. किळस उतरलेली नाही, म्हणून हेच शेवटचं धरावं.

वकीलसाहेब समोर बसलेत. म्हणाले, "आजी, यात फक्त मालमत्ता लिहायची. मनातलं लिहायचं नाही."

मी म्हटलं, "मग माझी अर्धी मालमत्ता बाहेरच राहील की."

त्यांनी बशी पुढे ओढली. बिस्किट खातायत.

कलम १. किळस कशाची, ते.

माझ्याकडे माशांच्या अकरा जुन्या टाक्या आहेत. दहा खाली कारखान्यात, एक वर माझ्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी. लोखंडी चौकट, चार बाजूंना काचा, तळाला काळ्या पाटीच्या दगडाची लादी. शाळेतली पाटी असते तोच दगड, नुसता जाड. काच चौकटीत बसते ती लांबीवर, म्हणजे खिडकीच्या काचा बसवतात त्या तेलकट लगद्यावर. हल्लीच्या टाक्या चिकट डिंकाने जोडतात, त्याच्याकडे बघितलं की मला सर्दी झालेलं पोर आठवतं. मास्तरांनी आणि मी सेहेचाळीस वर्षं लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या टाक्या आणल्या, खरवडल्या, गंज काढला, नवी लांबी भरली आणि पुन्हा पाणी धरतील अशा केल्या.

या टाक्यांची एक खोड आहे. भरलेली असली की पाणीच काचेला रेटून लांबीवर बसवतं. रिकामी ठेवली की लांबी सुकते, भेगा पडतात, टाकी गळते. भरलेली हलवली तर चौकट पिळते आणि तरीही गळते. म्हणून एकदा भरली की भरलेली ठेवायची आणि जागची हलवायची नाही. माझ्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे.

आणि तरी दोन आठवड्यांपूर्वी माझा मुलगा आणि धाकटा दीर एका दुकानदाराला घेऊन कारखान्यात आले. म्हातारी वर झोपलीय, असा त्यांचा समज. म्हातारी जिन्यात उभी होती.

दुकानदार म्हणाला, "पाटी काढून टाकायची, आत दिवा सोडायचा, वर जाड काच. झालं चहाचं टेबल."

दीर म्हणाला, "पाट्यांचं काय करता?"

"हॉटेलवाले घेतात. भिंतीला टांगतात, आज काय शिजवलंय ते लिहायला."

मुलगा म्हणाला, "आई आहे तोवर थांबू या."

थांबू या म्हणाला. नको म्हणाला नाही. मला तिथे जिन्यातच मळमळलं. मी मेलेल्या उंदराचं घरटं हाताने काढलंय टाकीतून, चाळीस वर्षांचा हिरवा बुळबुळीत थर नखाने काढलाय, ओकारी आली नाही. त्या दिवशी आली.

कलम २. वरच्या दोन खोल्या मुलाला. बँकेत जे असेल तेही मुलाला. किती आहे ते त्याला माझ्यापेक्षा बरं ठाऊक आहे. जिन्याची चौथी पायरी करकरते, ती दुरुस्त करू नये. तिच्यामुळे कोण चोरपावलांनी येतंय ते कळतं.

कलम ३. नणंदेला माझा तारेचा ब्रश. वन्संनी एकदा आमची टाकी "स्वच्छ करून देते" म्हणून कपडे धुवायची पावडर टाकली होती. सतरा मासे पांढरी पोटं वर करून तरंगले, आणि वन्सं म्हणाल्या, "बघ, पाणी किती नितळ झालं!" वर त्या टाकीत प्लास्टिकचा सांगाडा सोडला, तोंड उघडून बुडबुडे काढणारा. सांगाडा मी जपून ठेवलाय. तोही त्यांनाच.

कलम ४. धाकट्या दिराला सोनेरी रंगाचा डबा, वाळलेला. भावोजींना सगळे चमको म्हणतात, ते उगीच नाही. जुनी चौकट दिसली की हा माणूस तिच्यावर सोनेरी रंग फासतो आणि राजवाड्यातली म्हणून सांगतो. सिगारेट टाकीच्या पाण्यात विझवतो. मी म्हटलं, "अहो भावोजी, मासे आहेत आत." तर म्हणे, "वहिनी, त्यांना कुठे वास येतो?" डब्याचं झाकण उघडायला कुणी मदत करू नये.

कलम ५. हे कलम नीट वाचावं, मोठ्याने वाचावं, आणि दीर उठून जायला लागले तर दार लावून घ्यावं.

आमची पहिली मोठी टाकी एका दातांच्या डॉक्टरची होती. दवाखान्यात, पेशंट बसतात तिथे ठेवायची. मी तीन आठवडे तिची घाण काढली. डॉक्टर काम बघायला आला आणि मास्तरांना म्हणाला, "काम सुरेख. फक्त बाईंना हात लावू देऊ नका, बायकांच्या हाताने काच फुटते." मास्तर हसले. काय करणार, गिऱ्हाईक होतं. डॉक्टर गेल्यावर मी खिळा उचलला. पाटी बसवायच्या आधी तिच्या खालच्या बाजूला खिळ्याने कोरलं, शाळेत शिकले तशा टपोऱ्या अक्षरात: "या डॉक्टरच्या स्वतःच्या तोंडाला वास येतो." मग टाकी बसवली, भरली. एकतीस वर्षं ती दवाखान्यात होती. पोरं काचेला नाक लावून मासे बघायची. डॉक्टर रोज तिच्यावर हात ठेवून बोलायचा.

तेव्हापासून एकही टाकी मी कोरी सोडलेली नाही.

मास्तरांना कळलं ते एक टाकी फुटून परत आली तेव्हा. पाटी उलटी केली, वाचली, आणि खालीच बसले हसत. मग म्हणाले, "माझ्याबद्दल कुठे लिहिलंयस गं?" मी म्हटलं, "शोधा." बिचारे शोधत राहिले. नव्हतंच कुठे.

तर घरातल्या अकरा टाक्यांपैकी दहांच्या खाली माझं लिखाण आहे. भावोजींबद्दल चार टाक्यांखाली, नावानिशी, आणि काय केलं त्या तपशिलासकट. वन्संबद्दल तीन. दुकानदारांच्या जातीबद्दल एक, या दुकानदाराला ते चपखल बसेल. मुलाबद्दल दोन; त्यातलं एक चांगलं आहे, कुठलं ते सांगणार नाही. ज्याला टेबल करायचंय त्याने पाटी खुशाल काढावी. ती हॉटेलच्या भिंतीला लागेल तेव्हा सगळं गाव जेवता जेवता वाचेल. टाक्या भरलेल्या राहिल्या, तर त्यातलं एक अक्षर कुणाला कळणार नाही. आता ठरवा.

वकीलसाहेब म्हणाले, "आजी, ही धमकी झाली."

मी म्हटलं, "धमकी कसली, यादी आहे."

कलम ६. कारखाना, हत्यारं, खरवडण्या, लांबीचे डबे आणि अकराही टाक्या माझ्या सुनेला. तिच्या एकटीच्या नावाने. मुलाने तोंड वाकडं करू नये, कारण सांगते.

ही मुलगी लग्न होऊन आली, कारखान्यात पाऊल टाकलं आणि कोपऱ्यात जाऊन ओकली. एकोणीस वर्षं मी तिला चिडवते, "काय गं नाजूकबाई, आज पोटात राहिलं का?" तिला अजून लांबीचा वास सहन होत नाही. शेवाळ बघून शहारते. मला वाटायचं, ही टाक्या विकायला सगळ्यांच्या पुढे असेल.

तर दुकानदार येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी भावोजी फीत घेऊन माझ्या खोलीत आले. मी तापाने पडले होते, डोळे अर्धवट मिटलेले. त्यांना पुन्हा वाटलं झोपलीय. पायथ्याची टाकी मोजताना फीत मागे घालायला त्यांनी ती रेटून बोटभर सरकवली, आणि डोक्याला पाय लावून पळाले. संध्याकाळी टाकी गळायला लागली. थेंब, मग धार.

मुलगा डिंकाची नळी घेऊन आला. "आई, पाच मिनिटांचं काम आहे."

मी बोलायच्या आधी सून मधे उभी राहिली. "अहो, हात लावू नका. आई म्हणतात, लांबी फुगेपर्यंत थांबायचं असतं."

"अगं, घर भिजतंय!"

"भिजू दे. पुसायला तुम्हाला सांगितलंय का?"

नऊ दिवस. नाकाला रुमाल बांधून ती खाली परात ठेवायची, फडकी पिळायची, जेवढं गळलं तेवढं वरून भरायची. पिळताना तोंड असं करायची की मला तापात हसू यायचं. दहाव्या दिवशी सकाळी परात कोरडी. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, थांबलं." आणि मोरीत जाऊन ओकली.

कलम ७. ही जी पायथ्याची टाकी, हिच्याबद्दल सुनेला काही माहीत नव्हतं. आता कळेल. हिची पाटी मास्तरांनी एकट्याने बसवली. मला खोलीबाहेर काढून म्हणाले, "आता माझी पाळी. तुझ्याबद्दल लिहिलंय. वाचायचं असेल तर उपस आणि उलटी कर." त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी उपसली नाही. मासे होते आत. आणि मला जिंकू द्यायचं नव्हतं त्यांना.

मी खिळ्याने कोरायचे. त्यांनी कशाने लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाटीवरच्या पेन्सिलीने लिहिलं असेल, तर नऊ दिवस पाणी त्याच्यावरूनच गेलंय.

सुनेने ही टाकी हलवू नये. टाकी आपणहून दमली, सुनेच्या हयातीत, तर उपसून उलटी करावी. शिवी असेल तर सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचावी. काही गोडगोड असेल तर खरवडून काढावं. मेल्यावर तरी मला मळमळ नको. आणि पाटी कोरी निघाली, तर माझा खिळा खिडकीच्या फळीवर आहे, तो तिला दिला. नाजूकबाईने माझ्याबद्दल हवं ते लिहावं, अक्षर टपोरं काढावं, आणि टाकी पुन्हा भरावी.

वरचं सगळं मी लिहिलं, वाचलं, आणि एकही शब्द मागे घेत नाही.

सही: मास्तरांची बायको (खरवडबाई)

साक्षीदार पहिला: काच कापणारा, शेजारचा. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे, म्हणून देत नाही. माझी काच कापायची हिऱ्याची कलम त्याने दोन वर्षांपूर्वी नेली ती त्याच्याकडेच असू दे. सही करताना त्याने विचारलं, "मावशी, माझ्या घरच्या टाकीखाली काय लिहिलंय?" मी म्हटलं, "आधी सही कर."

साक्षीदार दुसरी: इंजेक्शन द्यायला येणारी नर्स. तिच्याकडे टाकी नाही, म्हणून ती निवांत आहे.

ठिकाण: वरची खोली, टाकीशेजारी.
तारीख: वकीलसाहेब शिक्क्याखाली घालतील. माझ्या हिशेबाने, परात कोरडी राहिल्याचा तिसरा दिवस.