चोवीस कप्प्यांचं कॅलेंडर

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे.

तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या चिमणीसाठी कापडी कॅलेंडर शिवलं. नाताळपर्यंत रोज एक कप्पा उघडायचा. चोवीस कप्प्यांत चॉकलेटं भरली, आणि लॉन्ड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करणाऱ्या या मेल्या हातांनी सवयीने त्यावरही इस्त्री फिरवली! शी! सगळा तपकिरी, चिकट लगदा, त्यात मुंग्या.

तीनदा धुतलं. आता कप्प्यांत रंगीत बटणं भरून या पत्रासोबत पाठवतेय. तिचा खोकला थांबला का?

शेवटच्या कप्प्याला आई येणार, असं तिला सांगितलं होतं. मालकाने सुट्टी नाकारली. तेवीस झाले की तू गुपचूप सगळे कप्पे पुन्हा भर, पहिल्यापासून उघडू दे तिला. शिसारी येते गं माझीच. पण तिला अजून चोवीसपर्यंत मोजता येत नाही ना?

तुझीच,
धाकटी