प्रतिपक्षाचा एक प्रश्न

रविवार, १९ तारीख
दुपार, आई जरा आडवी झाली आहे

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तूही असशील असं धरून चालते. आईचा खांदा आता कमी दुखतो. कारखान्यात तिला शिलाईच्या मशीनवरून उठवून बटणं लावायला बसवलंय, त्यामुळे हात सारखा ताणावा लागत नाही. बाबा मंगळवारी ट्रक घेऊन परतले, या बुधवारपर्यंत घरी आहेत. शेजारच्या काकूंनी दाराला हिरवा रंग दिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारतात, कसं दिसतंय. सगळे छान म्हणतात. मीही म्हणाले.

तू म्हणशील, ही बया पत्रं कधीपासून लिहायला लागली. खरंय. आजवर मी पत्र लिहिलं ते परीक्षेत, पाच गुणांसाठी, नसलेल्या मामाला. पण तू फोन उचलत नाहीस. हे एक कारण झालं, दुसरं पुढे सांगते.

अंतिम फेरीचं तुला कळलंच आहे. शाळेने सगळा कार्यक्रम नेटवर टाकला आणि तू तो पाहिलास, कारण शुक्रवारी तुझा निरोप आला: "पाहिलं. आवाज छान लागला." बस, एवढाच. तू शिव्या घातल्या असत्यास तर मला जेवण तरी गेलं असतं. तुझं ते "छान" घेऊन मी दोन दिवस घरभर फिरतेय.

तरी पहिल्यापासून सांगते. व्हिडिओत सगळं दिसत नाही.

विषय आठवडाभर आधी मिळाला होता: 'अपयश हाच सर्वांत चांगला शिक्षक.' बाजू मात्र अर्धा तास आधी चिठ्ठी उचलून ठरते. म्हणून दोन्ही बाजू तयार ठेवायच्या असतात. माझा जोडीदार म्हणजे आमच्या वर्गातला तो ताडमाड मुलगा, शिडी. विरोधी बाजू मी शिडीवर ढकलली होती आणि शिडीने ती माझ्यावर. चिठ्ठी उघडली तर विरोधी. शिडी म्हणाला, "आता काय करायचं?" मी म्हणाले, "बोलायचं." तोंडाची टकळी एवढंच तर भांडवल आहे माझं.

सभागृह भरलं होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून चौथ्या रांगेत, फोन दोन्ही हातांनी धरून, सगळं टिपायला तयार. आईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिच्या जागी काकू. समोरच्या संघात दोन मुली होत्या. त्यातली जाड चष्म्याची इतकं हळू बोलायची की परीक्षक पुढे वाकायचे. मला वाटलं, ही काय जिंकणार.

मी उभी राहिले. पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग माझे मुद्दे संपत आले आणि लोकांची चुळबुळ सुरू झाली. एका परीक्षकाने पेनाचं टोपण शोधायला घेतलं, मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं, मग सगळेच खोकले. सभा हातातून सुटते ते मला लगेच कळतं ताई, आणि तेव्हा मला काहीही सुचतं.

मला तू सुचलीस.

"माझ्या अगदी जवळच्या एका मुलीची गोष्ट सांगते," मी म्हणाले. खोकला थांबला. तुझं नर्सिंगचं कॉलेज सांगितलं, पहिल्या खेपेला चार गुणांनी गेलेला विषय सांगितला, दुसरी खेपही गेली ते सांगितलं. जिथे परिचारिका व्हायचं होतं त्याच हॉस्पिटलात ती आज धुलाईच्या खोलीत चादरी मोजते, हे सांगितलं. आणि मग हात असा पुढे करून विचारलं, "या महान शिक्षकाने तिला काय शिकवलं? चादरीची घडी घालायला!"

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. आई तीन वर्षं सगळ्यांना नुसतं "थोरली हॉस्पिटलात असते" एवढंच सांगत आली आहे, आणि चौथ्या रांगेत काकू बसल्या होत्या, हे मला टाळ्या संपल्यावर आठवलं.

पण आमच्या स्पर्धेत भाषण संपलं की सुटका नसते. प्रतिपक्षाला एक प्रश्न विचारता येतो, आणि उत्तराला पूर्ण एक मिनिट मिळतं. चष्मेवाली उठली. मला वाटलं, काहीतरी अडचणीत आणणारं विचारेल. तिने नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "ती मुलगी दुसऱ्यांदा का नापास झाली?"

मला मिनिट लागलं नाही. पाच सेकंदही नाही. मी म्हणाले, "निष्काळजीपणा. परीक्षेच्या दिवशी तिने प्रवेशपत्रच हरवलं. ज्याला एक कागद सांभाळता येत नाही, त्याला शिक्षक तरी काय शिकवणार?"

सभागृह हसलं. परीक्षकही हसले. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

व्हिडिओत या जागी माझाच चेहरा दिसतो, कारण शाळेचा कॅमेरा माझ्यावर होता. बाबांच्या फोनमधलं मी नंतर पाहिलं. त्यात 'प्रवेशपत्र' हा शब्द येतो आणि चित्र खाली जातं. मग पुढच्या खुर्चीचे पाय दिसतात, शेवटपर्यंत.

तू मला विश्वासाने सांगितलेली एकुलती एक गोष्ट मी तीनशे लोकांत सांगितली. आईबाबांना तर तू परीक्षेला बसलीस आणि नापास झालीस एवढंच माहीत होतं. तू म्हणाली होतीस, "नापास म्हटलं तर रागावतील आणि विसरतील, हरवलं म्हटलं तर आयुष्यभर हळहळतील." तुझं खरं निघालं. घरी आल्यावर बाबांनी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. "म्हणजे ती पेपरला बसलीच नव्हती?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मग ते बराच वेळ नळाखाली हात धूत राहिले. तुझं अभ्यासात लक्ष नव्हतं, असं ते तीन वर्षं म्हणत आलेत, अगदी पाहुण्यांसमोरसुद्धा, आणि दर वेळी मी तिथेच बसलेली असायचे.

चष्मेवाली मला बक्षीस समारंभानंतर पाण्याच्या टाकीपाशी भेटली. मला वाटलं, आता ही टोमणा मारणार. तर म्हणाली, "त्या तुझ्या मुलीला परत बसता येत नाही का परीक्षेला?" अख्ख्या सभागृहात तुझी चौकशी एवढ्या एकीने केली. मी "माहीत नाही" म्हणाले आणि तहान नसताना दोन पेले पाणी प्यायले.

आता एवढं लिहून मी चहा करायला उठले होते. चहा केला, प्यायले, पेला विसळून ठेवला, आईचा डबाही घासून ठेवला. मी आपणहून भांडी घासली म्हणजे काय समज.

ताई, प्रवेशपत्र हरवलं नव्हतं.

ते मी घेतलं होतं.

मला ताप येऊन तेव्हा बारा दिवस झाले होते. आईला रजा नाही, बाबा रस्त्यावर, तू अभ्यासाच्या सुट्टीला घरी आलेली. तुझं परीक्षा केंद्र आपल्याच गावात आलं म्हणून आईला केवढं हायसं वाटलं होतं. पेपरांच्या तीन दिवसांत काकू माझ्याजवळ बसणार होत्या. आदल्या संध्याकाळी त्या आल्या आणि माझ्यासमोरच आईला म्हणाल्या, हा ताप वाईट, आमच्या ओळखीतली एक मुलगी बघता बघता गेली. तू त्यांना डोळ्यांनी गप्प केलंस, पण मी ऐकलं होतं. मला वाटलं, मी उद्या मरणार. आणि मरताना जवळ काकू असणार.

सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी उठले. डोकं गरगरत होतं. तुझ्या निळ्या फाइलमधून ते प्रवेशपत्र काढलं आणि माझ्या भूगोलाच्या नकाशाच्या पुस्तकाचं कव्हर आहे ना, त्या कागदाच्या आत सारलं. तू केंद्रावर जाऊन पळत परत आलीस. काकूंना तू पेपर दुपारी आहे असं सांगून घरी पाठवलंस, उगाच बोभाटा नको म्हणून. मग कपाट काढलंस, गादी उलटी केलीस, माझ्या खाटेखाली टॉर्च मारलास. मला विचारलंस, "तू कुठे पाहिलंस का गं?" मी नाही म्हणाले. तू घड्याळाकडे बघितलंस आणि जमिनीवर बसलीस. पाचेक मिनिटांनी उठलीस, पातेल्यात गार पाणी आणलंस आणि माझ्या कपाळावर पट्टी ठेवलीस.

आणि मला आनंद झाला होता, ताई. हे मला कुणालाच सांगता येत नाही. तू रडत होतीस आणि तू घरी राहिलीस म्हणून मला आनंद झाला होता.

एक पेपर गेला म्हणजे परीक्षाच गेली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बरी झाल्यावर कळलं. तेव्हा सांगायला हवं होतं. नंतर तुझं वसतिगृह सुटलं तेव्हा सांगायला हवं होतं. तू चादरींच्या खोलीत लागलीस तेव्हा तर हवंच होतं. तू मला म्हणालीस, "मीच मेली वेंधळी, कुठेतरी पडलं असणार," आणि मी तुला म्हणाले, "असू दे गं ताई." मी तुझी समजूत घातली. तेव्हापासून तू कुठेही जाताना पिशवी तीनदा उघडून बघतेस. तू आधी तशी नव्हतीस. आधी तर तू चाव्या दारालाच विसरून जायचीस आणि हसायचीस.

काल सकाळी आईबाबांना सगळं सांगितलं. आईने माझं ताट वाढलं, पाण्याचा पेला ठेवला, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी गेले तर थोडी सरकली. मला जागा द्यायला की माझ्यापासून लांब, ते कळलं नाही. बाबा म्हणाले, "तिला पत्र लिही. फोनवर सांगू नकोस. फोनवर तू जिंकशील." हेच ते दुसरं कारण.

वादविवादाच्या बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, उदाहरणं कुणी तपासत नाही, तू उगाच मनाला लावून घेतेस. मी चषक त्यांच्या टेबलावर ठेवून आले. शिडी कालपासून माझ्याशी बोलत नाही, कारण त्याचाही अर्धा होता. त्याचं चूक नाही.

आता कामाचं. बाबांनी काल तुझ्या कॉलेजच्या परीक्षा विभागात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, उमेदवाराची चूक नव्हती असा पुरावा असेल तर अर्ज द्या, समितीपुढे ठेवू, पण शब्द देत नाही. शेवटची तारीख तीस. म्हणून या पाकिटात तीन कागद आहेत. एक भरून ठेवलेला अर्ज, त्यावर फक्त तुझी सही लागते. दुसरं माझं निवेदन, खाली बाबांची सही आहे, सही करताना त्यांनी ते दोनदा वाचलं. आणि तिसरं तुझं प्रवेशपत्र. ते मी कधीच फाडू शकले नाही. त्यावर तुझा फोटो आहे.

अर्ज करायचा की नाही, ते तू ठरव. तुला नकोसं झालं असेल तर तेही मी समजेन. घरी येऊ नयेसं वाटलं, माझ्याशी बोलू नयेसं वाटलं, तरी आईला फोन कर. ती तुझ्या फोनची वाट बघते आणि बघत नाही असं दाखवते.

माफी मागते. पण 'माफ कर' असं लिहिलं की लगेच मला खाली मुद्दे सुचायला लागतात. मी बारा वर्षांची होते. मला ताप होता. मी घाबरले होते. तिन्ही मुद्दे खरे आहेत, आणि तू इतकी चांगली आहेस की ते माझ्या आधी तूच मांडशील. मांडू नकोस. गुरुवारी त्या मुलीने प्रश्न विचारला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, मला ताप नव्हता, आणि माझ्या हातात पूर्ण एक मिनिट होतं.

तुझं प्रवेशपत्र लपवणारी,
तुझी धाकटी बहीण