नऊ काजं

४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाला जाऊन आता वर्ष होईल. बाजारातल्या शिंप्यांनी त्या दिवशी दुकानात त्याचा फोटो लावायचं ठरवलंय. मी बहीण म्हणून दोन शब्द बोलावेत, असं म्हणतात. मी काय बोलणार? मी लांब राहिले, त्याच्या विसरण्याची चारही वर्षं तू एकटीने काढलीस. त्याच्या चार चांगल्या आठवणी लिहून पाठव. रडवणाऱ्या चालतील, टोचणाऱ्या नकोत. तुला ओळखते म्हणून आधीच सांगते.

आणखी एक. मापाच्या वहीची युक्ती मीच तुला सुचवली होती. ती लागू पडली का, हे तू कळवलंच नाहीस. मी इकडे सगळ्यांना सांगत असते की शेवटी दादाने तुला ओळखलं. खरं ना?

लोभ असू दे. आटला असेल तर निदान उत्तर असू दे.

तुझी नणंद,
चिमणी


११ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

पत्र पोचलं. मास्तर शिंपी म्हणून चांगले होते. कोट कापावा तर त्यांनीच. चव्वेचाळीस वर्षं गावाचे कोट शिवले, मला एक नाही. गिऱ्हाईक आधी, घरचं मग, असं म्हणायचे. ते मग काही उजाडलं नाही. मी काजं करायची, बटणं लावायची, इस्त्री मारायची. ही झाली एक आठवण.

डोकं गेलं तशी नावं गेली, चेहरे गेले, गळ्यातली टेप राहिली. आंघोळीलासुद्धा काढू देत नव्हते. समोर येईल त्याचं माप घ्यायचं, वहीत बघायचं, जुळलं की माणूस खरा. पोस्टमनला छातीवरून ओळखला आणि पॅन्ट तयार नाही म्हणून हात जोडले. माझ्या पानावर छाती बत्तीस, कंबर सव्वीस. लग्नाच्या साली घेतलेलं माप. नंतर कशाला घेतील, शिवायचं होतं कुठे? रोज सकाळी कमरेला टेप लावायचे, चाळीस भरायची. मग मला सांगायचे की बाई, तुम्ही कामाला बऱ्या आहात, पण माझी बायको बारीक आहे, ती आली की तुम्ही घरी जा. वर्षभर, रोज. तू असतीस तर दोन दिवसांत माहेरी पळाली असतीस.

मग तुझं पत्र आलं, वहीतले आकडेच बदल म्हणून. मी जुनं पान फाडलं, नवं चिकटवलं आणि त्यांच्या वळणाने आकडे काढले. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप लावली, वहीत बघितलं, परत टेप लावली. मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि विचारलं, इतके दिवस कुठे गेली होतीस. लागली तुझी युक्ती. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी त्यांनी टेप त्या बाईला लावली. त्यांना उठवायला-बसवायला ठेवलेली ती. माझ्याच अंगाची आहे. आकडा न आकडा जुळला. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मला म्हणाले, बाई, तुम्ही आता जा, ही आली. मी म्हटलं माझंही माप घ्या. तर म्हणाले, एका पानावर एकच माणूस असतो.

मग कोट शिवायला काढला. बायकोला कधी काही शिवलं नाही याची लाज वाटते, असं त्या बाईला सांगितलं. धड मागचं-पुढचं कळत नव्हतं, पण कात्री धरली की हात चुकत नव्हता. चार महिने लागले. काजं करायला माझ्याकडे टाकला. नऊ काजं. मी केली. ती बघून तिला म्हणाले, कामाला बाई चांगली मिळाली आहे आपल्याला.

गेले तेव्हा हात तिच्या हातात होता. कोटही ती घेऊन गेली, मीच ने म्हटलं. सांग आता सगळ्यांना.

लोभ होता तेवढा आहे. वाढवायला मला सवड नाही.

वहिनी


१९ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस रडले, मग डोकं चालवलं. अगं, वहीतलं माप तुझं! त्यावरून कापलेला कोट तुझाच. लाज वाटत होती तीही तुझीच, सांगितली चुकीच्या बाईला एवढंच. तिच्याकडून कोट परत माग आणि अंगात घालून बघ. बसला तर फोटोच्या दिवशी तोच घालून ये. माझं खोटं खरं होईल, आणि तुझंही काही तरी तुझ्या पदरात पडेल.

रागाव, पण ये.

तुझी,
चिमणी


२८ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

तुझं ऐकलं. निरोप धाडला तर बाई स्वतः कोट घेऊन आली. म्हणाली, काकू, हा तुमचाच, मी एकदाही बाहेर घातला नाही. भली आहे, म्हणून जास्त राग येतो.

तिला बाहेर बसवलं आणि घातला. छाती बसली. कंबर बसली. मिनिटभर मला तुझं खरं वाटलं, उगाच कशाला लपवू. मग आरशात बघितलं तर डावा खांदा ओढला जात होता. अस्तर उसवून बघितलं. चूक नव्हती, कापतानाच अर्धा इंच उतरवला होता. माझे खांदे सरळ आहेत. तिचा डावा उतरलेला आहे, मास्तरांना रोज त्याच खांद्यावर घेऊन उठवायची ना. हा उतार वहीत लिहीत नाहीत. तो माणसाकडे नीट बघून कापतात.

तिच्याकडे नीट बघितलं त्यांनी.

मी अस्तर परत शिवलं. मग दुहेरी दोरा ओवला आणि नऊच्या नऊ काजं शिवून बंद केली, बारीक टाक्याने, दिसणारही नाही. इस्त्री मारली, घडी केली आणि कोट तिला परत दिला. तिच्या मापाचा आहे, तिनेच घालावा. तिने माझे पाय धरले. कोट मास्तरांनी तिला दिला, पण काजं माझी होती.

फोटोला मी येत नाही. ओळखलं म्हणून खुशाल सांग, अकरा दिवस काही खोटे नव्हते. वहीतलं फाडलेलं जुनं पान सोबत धाडते आहे. ते फोटोच्या काचेत खोच. छाती बत्तीस, कंबर सव्वीस. मास्तर वर्षभर जिची वाट बघत होते ती ही.

लोभ कर, पण माप घेऊ नकोस.

वहिनी