सतरा नंबरची खुर्ची

२ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. उद्या सुरू होणारं प्रदर्शन संपलं की म्युझियमचा नवा हेड अटेंडंट निवडणार, म्हणजे मला निवडणार. बावीस वर्षं झाली. माझ्या मागून लागलेला शिट्टी (श्वास घेताना नाक वाजतं त्याचं) म्हणे त्याच जागेसाठी खटपट करतोय. करू दे बापड्याला.

३ फेब्रुवारी
प्रदर्शन उघडलं. जगप्रसिद्ध डिझायनर, वय अठ्ठ्याऐंशी. त्यांच्या एक्केचाळीस खुर्च्या, शिवाय किटल्या, दिवे, चमचे, कपडे वाळत घालायचा एक स्टँड. मुख्य दालन माझ्याकडे. अर्थातच. क्युरेटर बाई म्हणाल्या, कुणी म्हणजे कुणीही बसता कामा नये. मी म्हटलं, निर्धास्त राहा. मग त्यांनी माझी रोजची प्लास्टिकची खुर्चीच उचलायला लावली. दालनाची शोभा जाते म्हणे.
एक्केचाळीस खुर्च्या आणि मी उभा. आठ तास. पण आपला निश्चय पक्का.

५ फेब्रुवारी
गुडघे.

६ फेब्रुवारी
बायकोने गरम पाण्याची पिशवी दिली. म्हणाली, दिवसभर खुर्च्यांत राहून बसायला न मिळणं फक्त तुम्हालाच जमतं. संकल्प: रोज दहा उठाबशा. उद्यापासून.

७ फेब्रुवारी
उठाबशा नाहीत. कारणासाठी ५ फेब्रुवारी पाहावे.

११ फेब्रुवारी
एक गोष्ट फक्त इथेच लिहितो. दुपारी दीड ते साडेतीन दालनात चिटपाखरू नसतं. सतरा नंबरची खुर्ची खांबाआड आहे. तिचा एक स्क्रू सैल वाटला. बसल्याशिवाय कळणार कसं? बसलो. याला बसणं म्हणत नाहीत, तपासणी म्हणतात. बैठकीला पुढे उतार आहे, माणूस घसरतो. पण चौथऱ्याच्या कडेला टाचा रोवल्या की हलत नाही. पाठीत एक दांडा टोचतो, तो नेमका माझ्या दुखऱ्या जागी. पंचवीस वर्षं बायकोला सांगतोय, इथे चेप, इथे चेप. तिला ती जागा सापडली नाही. या माणसाला मला न बघता सापडली.
स्क्रू ठीक आहे. उद्या पुन्हा बघतो.

१२ फेब्रुवारी
स्क्रू ठीक. तपासणी पावणेदोन तास. मध्ये डोळा लागला, पण सावधपणे.

१५ फेब्रुवारी
आजपासून लोकांना माहितीही देतो. मी पाट्याबिट्या वाचत नाही. जाणकाराला गरज नसते. सतरा नंबरपाशी सांगितलं, साहेबांनी ही आपल्या दमलेल्या आईसाठी घडवली, तिला तासन्‌तास विसावता यावं म्हणून. लोक पाटीकडे बघत, मग माझ्याकडे, मग पुन्हा पाटीकडे. पार भारावलेले. शाळेची एक मुलगी म्हणाली, काका, इथे तर भलतंच लिहिलंय. मी म्हटलं, बाळ, छपाईत चुका होतात.

२३ फेब्रुवारी
भयंकर प्रकार. जतन विभागातल्या बाई दर सोमवारी पट्टी आणि बॅटरी घेऊन एकेका खुर्चीचं माप घेतात. सतरा नंबरची बैठक चार मिलिमीटर दबली आहे. कुणीतरी रोज बसतंय! माझ्या दालनात! तळपायाची आग मस्तकात गेली. क्युरेटर बाईंनी तपास माझ्याकडेच सोपवला. माणूस पकडलात तर हेड अटेंडंट तुम्हीच, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहरा तसा होता.

२५ फेब्रुवारी
संशयित: शिट्टी, सफाईवाल्या मावशी, ती शाळा. जतनाच्या बाई म्हणतात, बसणाऱ्याचं वजन नव्वदच्या वर हवं. शिट्टी भिजला तरी पंचावन्न भरणार नाही. मावशी त्याच्या निम्म्या. माझं चौऱ्याण्णव आहे, पण माझा प्रश्नच येत नाही. मी तपासणी करतो.

२७ फेब्रुवारी
गुन्हेगाराच्या मनात शिरायचं तर त्याच्या जागी बसून बघावं लागतं. दोन तास शिरलो.

३ मार्च
अहवाल दिला. सहा पानी. मुख्य शिफारस: खांबावर, थेट सतरा नंबरकडे तोंड करून, कॅमेरा. क्युरेटर बाई म्हणाल्या, हे आम्हाला कसं सुचलं नाही! साडूला फोन करून सांगितलं, झालंच समज. दारावर लावायची पाटीही करायला टाकली: हेड अटेंडंट. बायको म्हणाली, अहो, आधी होऊ तर द्या. ती मुळातच भित्री.

१० मार्च
कॅमेरा बसला. आता बघतोच बेट्याला. आज मात्र तो फिरकला नाही. दीड ते साडेतीन मी स्वतः त्या खुर्चीत डोळ्यांत तेल घालून बसलो होतो.

१६ मार्च
साडेसहा मिलिमीटर. महानिर्ढावलेला इसम. कॅमेऱ्याचं चित्रण समारोपाच्या दिवशी खुद्द साहेबांसमोरच लावू, असं मी सुचवलं. प्रसंगाला शोभा येईल. क्युरेटर बाईंनी मान डोलावली.

२९ मार्च, संध्याकाळी ६
समारोप. साहेब आले. बारीक, ताठ, हातात काठी. ऑफिसात सगळे जमले, शिट्टीसुद्धा. दिवे मालवायला मीच सांगितलं.
पडद्यावर सतरा नंबर आणि मी. तोंड किंचित उघडं. कॅमेऱ्याचा कोन चुकलाय. मी तपासणीचा मुद्दा मांडला. कुणी ऐकून घेईना. सगळ्या खोलीत फक्त शिट्टीचं नाक वाजत होतं. मग क्युरेटर बाईंनी सतरा नंबरची पाटी मोठ्याने वाचली. बँकेने सांगून करवून घेतलेली खुर्ची. कटकट्या गिऱ्हाइकांसाठी. दहा मिनिटांवर कुणी बसूच शकू नये, अशी. सात वर्षांची मेहनत. पन्नास वर्षांत एकही माणूस टिकलेला नाही.
साहेबांनी एक तास पन्नास मिनिटांचं चित्रण पूर्ण पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. डोळे ओले. मलाही भरून आलं. मग खिशातून टेप काढून त्यांनी स्वतः माझी मापं घेतली. गुडघा ते टाच, खांदा ते कंबर. नेमकं कुठे दुखतं, तेही विचारलं, आणि तिथे युनिफॉर्मवर खडूने खूण केली. जाताना म्हणाले, सतरा नंबर काढून टाका, पुन्हा कुठे मांडू नका. दुसऱ्या कुणी तिच्यावर बसू नये, असं वाटलं असेल त्यांना.
माझ्यासाठी खुर्ची करणार. शंकाच नाही.

१ एप्रिल
हेड अटेंडंट: शिट्टी. त्याला खोली आणि फिरती खुर्ची. माझी बदली दगडी हत्यारांच्या दालनात. तिथे कुणी येत नाही. असं दालन विश्वासाच्या माणसालाच देतात.
पाटी आजच तयार होऊन आली. बायकोने ती फडक्यात गुंडाळून कपाटात खाली ठेवली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं.

१२ जून, दुपारी १
खोकं आलं! साहेबांकडून! खुर्ची! मागे पितळी पट्टी, तिच्यावर माझं पूर्ण नाव. क्युरेटर बाईंना चिठ्ठी: यांना ड्यूटीवर हीच खुर्ची द्यावी, दुसरी देऊ नये. जगात एकाच माणसाच्या मापाने केलेली खुर्ची! बायकोला फोन, साडूला फोन. शिट्टीला मुद्दाम बोलावून दाखवली. तो बसला. म्हणाला, काय मस्त आहे हो, आणि उठेचना. मावशी बसल्या, त्यांनी तर डोळेच मिटले. शेवटी दोघांना हाकललं.

दुपारी १.१०
बसलो. चार मिनिटं. टाच कुठेच रोवता येत नाही. दांडा दुखऱ्या जागेच्या बरोबर दोन बोटं डावीकडे. पुन्हा बसलो. साडेतीन मिनिटं.
नवी वस्तू अंगवळणी पडायला वेळ लागतोच. संकल्प: उद्या पाच मिनिटं.
हे उभ्याने लिहितोय.