डावीकडून तिसरे

आई, तुझी पणती हल्ली दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीसमोर ठाण मांडून बसते. नवीन मालिका लागली आहे. एका गावातली माणसं एकेक करून नाहीशी होतात, त्यामागं कसलंसं यंत्र आहे, आणि ते कोण चालवतं हे काही केल्या कळत नाही. भाग संपला की घरात अर्धा तास वादावादी. तिचा बाप म्हणतो डॉक्टरच गुन्हेगार, तिची आई म्हणते इतकं सोपं ठेवणार नाहीत, आणि ही पोरगी मैत्रिणींना फोन लावून ओरडत असते. परवा मधे जाहिराती लागल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, “आजी, तू डोळे मिटून का बसतेस? भीती वाटते?” मी म्हटलं, उजेड सोसत नाही गं डोळ्यांना. थाप मारली. मला भीती वाटते. पंचाहत्तरी उलटली तरी पडद्यावरचं माणूस नाहीसं व्हायची वेळ आली की डोळे आपोआप मिटतात, आणि का मिटतात ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

उंब्रजला बाजाराच्या पटांगणात सिनेमाचा तंबू लागला तेव्हा मी दहा वर्षांची असेन. लढाई चालू होती, आबा पलटणीबरोबर समुद्रापलीकडं गेले होते आणि त्यांचं शेवटचं पत्र येऊन बरेच महिने झाले होते. सिनेमाला जायचं तुझ्या मनात येणं शक्यच नव्हतं. पण खेळाआधी लढाईच्या बातम्या दाखवतात, त्यात आपल्याकडचे शिपाई दिसतात, असं आजीच्या कानावर आलं आणि तिनंच फर्मान काढलं, “पलटनी दावत्यात म्हनं. चला, बघून यीऊ.” मग काय, सासूच पुढं निघाल्यावर सुनेला कोण अडवणार? दिवेलागणीला आपण तिघी बायकांच्या बाजूला, कनातीला लागून बसलो. तू नाकापर्यंत पदर ओढलेला. मी तुला विचारलंसुद्धा, असं कसं दिसणार तुला?

खरं तर तू आबांना, स्वतःच्या नवऱ्यालाही, कधी नीट बघितलं नव्हतंस. हे तुझ्या पणतीला सांगितलं तर ती हसेल. तेराव्या वर्षी तू त्या घरात आलीस, दोन वर्षांत आबा फौजेत गेले. रजेवर आले की घर माणसांनी भरलेलं. मी त्यांच्या मांडीवर बसून बशीतला चहा प्यायची, ते उरलेला पिऊन मनगटाच्या पाठीनं मिशी पुसायचे, आणि तू चुलीपुढं पाठमोरी. घरात त्यांचा फोटो नव्हता. ते परत गेले की तू भाकरी थापता थापता मला हळूच विचारायचीस, “त्येंच्या हनुवटीवर खळी हाय का गं? मला तसं वाटलं.” मी म्हणायची, मला नाही आठवत. तू लाजून हसायचीस आणि परात पुढं ओढायचीस.

बातम्यांनंतर इंग्रजी चित्र असायचं, एका आठवड्याला एक भाग. पडद्याशेजारी तंबूचे मास्तर काठी घेऊन उभे राहत आणि काय चाललंय ते आपल्या बोलीत सांगत. एक बुरखेवाला तळघरात बसतो. त्याच्यापुढं गोल काच. खटका फिरवला की कुठल्याही मुलखातलं माणूस त्या काचेत दिसतं. मग बुरखेवाल्याचा हस्तक काचेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, हाच तो. तरफ ओढली जाते, आणि तिकडं त्या माणसाचे नुसते कपडे जमिनीवर पडतात. “काचेचा नेम आसा हाय,” मास्तर सांगत, “कुनी वळखल्याबिगर ती मानसाला धरत न्हाई. वळखलं की मग त्येचं काय खरं न्हाई.”

गावाची नुसती दैना झाली. नदीवर धुणं धुताना बायका म्हणत, त्यो बुरख्यातला दुसरा कुनी न्हाई, तंबूवालाच हाय. पेन्शनीत आलेले हवालदार म्हणत, जर्मनानं हे यंत्र कवाच केलंय. कापडदुकानवाल्या शेठजींनी सगळ्यांना समजावलं की हा दिव्याचा आणि पट्टीचा खेळ आहे, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच दुकानावर लिंबू-मिरच्या टांगल्या. तालमीतली पोरं घोळक्यानं घरी जायला लागली. गंमत म्हणजे गर्दी कमी होईना. काच दिसली की अर्धा तंबू डोळे मिटून घ्यायचा, पण तिकीट काढून यायचा.

तिसऱ्या भागाच्या दिवशी आपल्याला आबा दिसले. म्हणजे मला दिसले. बातम्यांत कुठल्यातरी उघड्या माळावर शिपाई रांगेनं बसून चहा पीत होते. डावीकडून तिसऱ्यानं चहाचा मग खाली ठेवला, मनगटाच्या पाठीनं मिशी पुसली आणि हसला. मी उभी राहून ओरडले, “आबा! आमचे आबा!” अख्खा बायकांचा घोळका तुझ्याकडं वळला. आजीही वळली. आणि तू काय केलंस? सवयीनं मान खाली घातलीस आणि पदर हनुवटीपर्यंत ओढलास. तो वर करेपर्यंत माळ गेला होता, शिपाई गेले होते, आणि त्याच पांढऱ्या कापडावर ती काच गरगरत होती. हस्तकानं बोट ठेवलं. मास्तर ओरडले, “वळखलं!” मागून कुणीतरी बाई कुजबुजली, “आत्ता पोरीनं बापाला वळखलं की गं.”

मी त्या क्षणी थिजले ती पुढं कित्येक वर्षं तशीच होते. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. उलट घरी येताना म्हणालीस, “तुजा काय दोष? बाप दिसल्यावर पोरगं हाक मारनारच.”  पण सकाळी उठून तू कोनाड्यातला आरसा भिंतीकडं फिरवून ठेवलास आणि कुंकू बोटानं चाचपून लावलंस. आजीनं औंधच्या यमाईला नवस बोलला. मी जेवण सोडलं. मला वाटायचं, तिकडं त्या माळावर आबांचे नुसते कपडे पडलेले असतील, चहाच्या मगाशेजारी.

तंबू उठायच्या दिवशी तू भर दुपारी माझा हात धरून तंबूवाल्याकडं गेलीस. कुणा परक्या पुरुषाशी बोलताना मी तुला पहिल्यांदाच बघत होते. “आवं दादा, त्यो चहाचा तुकडा परत दावता का?” तो म्हणाला, “रिळं सांगलीला गेली बाई. तिथं थेटरात दुपारच्या खेळाला लागत्यात. ह्याच बातम्या, ह्योच भाग.” तुझं माहेर सांगलीजवळ. भावाकडं जाऊन येते, असं आजीला सांगून तू निघालीस. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार चढाला बंद पडायची, सगळे पुरुष उतरून ढकलायचे, आणि तू आत पुन्हा पुन्हा मला एकच बजावत होतीस, “पलटन बगायची आन् काच यायच्या आदी उटायचं. काचंला आपन दिसायचं न्हाई. समजलं?”

मामा पुरुषांच्या बाजूला बसला. दिवे गेले आणि तू डोक्यावरचा पदर मागं सारलास. पूर्ण. मी तुझे केस असे उघडे, चारचौघांत, कधी पाहिले नव्हते. मला तू कुणी वेगळीच वाटलीस, फार तरुण. माझा हात हातात घेऊन म्हणालीस, “त्ये आलं की हात दाब. मी डोळं भरून बगीन.”

मग माळ आला. रांग आली. चहा आला. तू पुढं झुकून एकेक चेहरा बघत होतीस, श्वास धरून. मी हात दाबला नाही. माळ गेला. तू विचारलंस, “आगं, कुटं हायती?” मी म्हणाले, “ह्यात आबा न्हाईत.”

“मागल्या खेपंला व्हतं की गं.”

“आता न्हाईत.”

तुझा चेहरा मला पडद्याच्या उजेडात दिसला. त्यानंतर मी पुष्कळ वाईट गोष्टी पाहिल्या, माणसं जाताना पाहिली, पण तसा चेहरा पुन्हा नाही. तू हळूच पदर डोक्यावर घेतलास. काच यायच्या आत आपण बाहेर पडलो, ठरल्याप्रमाणं. रस्त्यावर रखरखीत ऊन होतं आणि तू तो पदर हनुवटीपर्यंत ओढलास.

दोन महिन्यांनी सरकारी कागद आला. शाळेच्या गुरुजींनी वाचून दाखवला. बेपत्ता. आजीनं हंबरडा फोडला. तू उंबऱ्यात बसून शांतपणे म्हणालीस, “मला सांगलीतच कळलं व्हतं.” मेले असं कुणी लिहिलं नव्हतं म्हणून तू कुंकू पुसलं नाहीस. चाळीस वर्षं आरशाशिवाय लावत राहिलीस, आणि ते रोज जरासं वाकडं असायचं. लोक मागून हसत, हे तुला ठाऊक होतं.

मी पुढं कॉलेजात इंग्रजी शिकले. असलीच एक जुनी मालिका बघायला मिळाली तेव्हा कळलं की ओळखण्याबिळखण्याचा नेम कुठल्या चित्रात नसावा. मास्तरांना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, त्यांनी तो मनानं रचला असणार. मी थेटराच्या जिन्यात बसून रडले. त्या सुट्टीत तुला सगळं सांगायचं ठरवून घरी आले, तर तू भाकरी थापत होतीस आणि तुझं कुंकू वाकडं होतं. मी ते बोटानं नीट केलं, तेवढंच. शेवटच्या दुखण्यात तू मला पुन्हा ती खळीची गोष्ट विचारलीस. मी म्हटलं, मला नाही आठवत.

हा कागद मी तुझ्या त्या आरशाच्या पाठीमागं खोचून ठेवणार आहे. तो अजून माझ्याकडं आहे. सांगलीला मी हात दाबला नाही, कारण पुन्हा ओळखलं की आबा खरंच जातील असं मला वाटत होतं. तुझी नजर त्यांच्यावरून गेली, आई, आणि पुढच्या माणसावर गेली, आणि मी गप्प बसले. ते होते. डावीकडून तिसरे. चहाचा मग खाली ठेवतात, मनगटाच्या पाठीनं मिशी पुसतात आणि हसतात. हनुवटीवर खळी आहे.