बंद जनरेटरचा हीटर

गिंडी, चेन्नई
शनिवार, १४ ऑगस्ट २००४

चि. अनिकेत यास उमाकांतदादाचे अनेक आशीर्वाद.

मी इथे ठीक आहे. मिरजेला तुम्ही सगळे बरे असाल, मावशीच्या गुडघ्यांना आराम असेल. तुझी निळी चादर आणि दाढीचा डबा खोलीवरच राहिलाय. मी वापरत नाही, आपलं सांगून ठेवतो. मेसवाला अजून विचारतो, "तम्बी एंगे?" धाकटा भाऊ कुठे गेला म्हणून. अकरा वर्षं मी त्याच्याकडे जेवतोय, माझं नाव त्याला आजही ठाऊक नाही. तू जेमतेम दीड वर्ष जेवलास.

कारखान्यात काम बरं चाललंय. बंदरातून दोन पंपाच्या मोटारी आल्यात, खाऱ्या पाण्यानं पार खाल्लेल्या. राघोत्तमराव स्वतः उकलायला बसले. मालक असून त्या माणसाचे हात कधी स्वच्छ दिसत नाहीत. त्यांची तंजावरी मराठी समजायला मला दोन वर्षं लागली. तू आठवड्यात त्यांच्यासारखं बोलायला लागलास आणि ते हसून हसून बेजार झाले. माझ्या बोलण्यावर ते कधी हसल्याचं मला आठवत नाही.

मावशी मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, तू विहिरींच्या जळक्या मोटारींत नवी तार भरतोस. छान. मग हळूच म्हणाली, "उमा, माझ्या पोराला काय झालंय रे? घरातून निघताना एकेक बटण तीन-तीनदा बघतो. अर्ध्या वाटेवरून परत येतो, गीझर बंद केला का बघायला. म्हणतो, माझ्या डोक्याचा भरवसा नाही."

तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

तर खरं ते सांगतो. तू आलास तेव्हा मीच तुला सेंट्रल स्टेशनवर घ्यायला आलो होतो. मीच मालकांकडे शब्द टाकला होता. तारांचं इन्सुलेशन मोजायच्या मेगरची मूठ कशी धरायची तेही मीच शिकवलं. दहा मिनिटं एकाच वेगानं फिरवायची, नाहीतर आकडा खोटा येतो. सहा महिन्यांत तुझ्या हाताखाली सुई अशी उभी राहायची की मालक कारागिरांना बोलावून दाखवायचे. माझा खांदा चौथ्या मिनिटाला भरून येतो. मालकीणबाई, चंद्रिकाबाई, घरून कॉफी पाठवायच्या, तर आधी विचारायच्या, अनिकेतला पोचली का? कालचं पोर, माझ्या बोटाला धरून आलेलं! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि वरून मी तुझी पाठ थोपटायचो.

मार्चमधलं ते मालवाहू जहाज. आपण निघताना मालक म्हणाले, "आज मोजणीच्या कागदावर अनिकेतची सही होऊं दे." अकरा वर्षं ती सही माझी होती.

पहिल्यांदा जहाजावर गेलो तेव्हा तू विचारलं होतंस, बंद जनरेटरला हीटर कशाला? मी सांगितलं होतं, समुद्राची हवा, तारांना ओल धरते, म्हणून बंद असताना ऊब द्यायची. मोजताना हीटर बंद करायचा, मोजून झालं की लगेच चालू. आणि ज्यानं बंद केला त्यानंच चालू करायचा, हा आपल्या कारखान्याचा नियम. मार्चमध्ये त्या दिवशी हीटर बंद मी केला. तू मूठ फिरवलीस. जहाजाच्या चीफ इंजिनिअरनं पुन्हा मोजायला लावलं, तू पुन्हा दहा मिनिटं फिरवलीस आणि सही केलीस.

चालू करायचं मी विसरलो. बंदराच्या फाटकाबाहेर आलो तेव्हा आठवलं. जहाज संध्याकाळपर्यंत धक्क्यालाच होतं. परत जायला वीस मिनिटं लागली असती. पण तू सहीचा कागद उघडून बघत होतास, म्हणत होतास, याची झेरॉक्स मिरजेला आईला पाठवतो. मनात म्हटलं, असू दे. काही झालं तर सही कुणाची आहे?

सोमवार, १६ ऑगस्ट

पत्र इथेच अडकलं होतं. आज पुढचं लिहितो.

महिन्याभरानं त्या जनरेटरची ओल धरलेली तारांची गुंडाळी जळाली, हीटर बंद सापडला, आणि मालकांनी आपल्याला समोर उभं केलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "मी चालू केला होता. दुसऱ्यांदा मोजताना यानं बंद केला असेल."

विसरलो होतो, ती चूक. हे मात्र मी ठरवून बोललो. आणि तू काय म्हणालास? "दादा म्हणतोय म्हणजे तसंच असेल. मला आठवत नाही." भांडला असतास तर मी सुटलो असतो रे. मालकांनी तुला काढलं नव्हतं, तू स्वतःच बॅग भरलीस. गाडीत बसवायलाही मीच आलो होतो.

आज सकाळी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी समोरची मोटार बाजूला सारली. मग म्हणाले, "सेरी, बरं. मज नको सांगूं. त्या मुलास लिही. फोन नको. कागदावर त्याचं नांव गेलं, कागदावरच परत येऊं दे." जहाजाच्या कंपनीला ते स्वतः कळवणार आहेत, चूक कुणाची ते नावासकट. मला काढलं नाही. मेगर मात्र माझ्या टेबलावरून उचलला, पुसला आणि आपल्या कपाटात ठेवला. विचारलं, कुणासाठी? म्हणाले, "त्याच्या हातासाठी. आला तर."

खोटं कशाला लिहू, तेव्हाही पोटात दुखलं. तू परत आलास तर पुन्हा दुखेल. त्याला माझ्याकडे औषध नाही. तरी ये.

नाही आलास तरी एवढं कर. हे पत्र मावशीला मोठ्यानं वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. आणि उद्या घरातून निघताना बटण एकदाच बघ आणि चालू लाग. तू काही विसरला नव्हतास. तुझं डोकं शाबूत आहे, हात शाबूत आहे.

वर सवयीनं आशीर्वाद लिहिलेत. आता ते माझ्याकडून घ्यायचे की नाही, ते तू ठरव.

ज्यानं बंद केला, तो,
उमाकांत